उणे एक सेकंद

जगात टाकाऊ असं काही नसतं, असं मनापासून मानणारी दोनच माणसं मी पाहिली. एक आमच्या गल्लीत येणारा भंगारवाला आणि दुसरी माझी थोरली नणंद. त्यातल्या त्यात भंगारवाला परवडला, कारण तो गोळा केलेलं संध्याकाळपर्यंत पुढे कुठेतरी पोचवतो. ताई गोळा केलेलं घरात ठेवायच्या. अंबरनाथला आमच्या दोन खोल्या होत्या आणि त्यांत आम्ही पाच माणसं, माझं शिलाई मशीन आणि ताईंचे डबे असे राहत होतो. डब्यांत छत्रीच्या वाकलेल्या काड्या, नारळाच्या करवंट्या, खडूचे तुकडे, माझ्या दोऱ्याची रिकामी रिळं, फुटक्या बांगड्या, एका पायाचा कंपास. छपन्न सालच्या धम्मदीक्षेनंतर माझ्या सासऱ्यांनी घरातले देव उल्हास नदीत सोडले होते आणि देवांची फळी पुस्तकांना दिली होती. पुस्तकांच्या मागे डबे कधी शिरले ते कोणालाच कळलं नाही. सासूबाई म्हणायच्या, "देवांना निदान रोज पुसावं लागायचं, म्हणून मोजके होते. ह्यांना कोण पुसतंय!" मी सगळा कचरा भंगारवाल्याला देऊन टाकते म्हटलं, की ताई चष्मा वर करून विचारायच्या, "अगं, पण तो कुठून आला ते तुला माहीत आहे का?" जणू छत्रीच्या काडीलासुद्धा माहेर असतं.

ताई बदलापूरच्या एका हायस्कुलात गणित शिकवायच्या आणि त्याच शाळेत मी शिवण शिकवायचे. लग्न त्यांनी केलं नाही. का, असं एकदा मी विचारलं, तर म्हणाल्या, "वेळ मिळाला नाही," आणि ते खरंच असावं, कारण चुकीच्या उत्तरांच्या चौकशीत त्यांचा फार वेळ जायचा. दुसऱ्या बाई चुकीच्या उत्तरावर लाल फुली मारून मोकळ्या व्हायच्या. ताईंना फुलीचा राग होता. पोराने सात अठ्ठे चोपन्न म्हटलं, की त्या त्याच्या बाकावर जाऊन बसायच्या. "हे चोपन्न तुला कुठे भेटलं? सहा नव्वेच्या घरातून उचलून आणलंस ना? चल, त्याला घरी सोडून येऊ." पोरगं हसत हसत चोपन्नला घरी सोडून यायचं आणि परत कधी ते चुकायचं नाही. हेच घरी सुरू झालं की मात्र डोकं उठायचं. माझे मिस्टर कारखान्यातून दमून आले आणि चुकून आज बुधवार आहे म्हणाले, तर ताई त्यांच्या पुढ्यात बसल्याच. "हा बुधवार तुला कुठून मिळाला, सांग बरं?" ह्यांनी चहा तसाच ठेवला आणि म्हणाले, "ताई, गुरुवार आहे. मी कबूल करतो. मला सोड."

त्यांचं मोठं प्रेम एका वक्र रेषेवर होतं. दहावीला वर्गसमीकरण असतं. त्याचा आलेख काढला की एक कमान येते, तिला पुस्तकात अन्वस्त म्हणतात. मला विचाराल तर ती झंपरच्या गळ्यासारखी दिसते, फक्त उलटी. फेकलेली प्रत्येक वस्तू ह्याच कमानीने जाते असं ताईंनी मला सांगितलं आणि त्या दिवसापासून आमच्या घरात वस्तू फेकल्या जाऊ लागल्या, म्हणजे चमचा, लिंबू, माझा मापाचा टेप. एकदा आम्ही उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये अस्तराचं कापड घ्यायला गेलो होतो. शेजारी एका सिंधी शेठचं नळ आणि पाइपचं दुकान होतं. ताई आत गेल्या, पाइप नळाला लावून दाखवा म्हणाल्या, आणि पाणी आल्यावर पाइप तिरका धरून धारेकडे बघत उभ्या राहिल्या. मग थोडा उभा केला. मग थोडा आडवा. धार रस्त्यावर, धार सायकलवर, धार समोरच्या जीन्सच्या गठ्ठ्यांच्या हातभर अलीकडे. शेठ गल्ल्यावरून ओरडला, "मॅडम, पाइप लेना है कि बारिश करनी है?" ताई म्हणाल्या, "साईं, ये देखो, सबसे दूर पानी कब जाता है?" मला वाटलं आता हा हाकलणार. पण तो उठून आला, लेंगा वर खोचला आणि म्हणाला, "फिर से करो, धीरे." पुढची पंधरा-वीस मिनिटं ते दोघं धार मागेपुढे करत होते आणि गिऱ्हाइकं मी सांभाळत होते. दोन वॉशर तर मी विकलेसुद्धा.

ह्याच प्रेमापोटी त्यांनी आमच्या कपडे वाळत घालायच्या दोरीलाही अन्वस्त ठरवलं होतं आणि वर्गातही तसं सांगितलं होतं. पुढे एका जाड पुस्तकात त्यांना कळलं, की लोंबणारी दोरी अन्वस्तासारखी दिसते, पण अन्वस्त नसते. तिची कमान निराळी. दुसऱ्या दिवशी शाळेच्या प्रार्थनेत, प्रतिज्ञा संपल्यावर ताई पुढे झाल्या आणि पाचवीपासून दहावीपर्यंत सगळ्या शाळेला उद्देशून म्हणाल्या, "दोरीबद्दल मी जे बोलले ते मागे घेते." पाचवीची पोरं घाबरली. त्यांना वाटलं कोणीतरी चोरी केली आहे.

आमच्या शाळेत बारवीकडच्या डोंगरातल्या एका ठाकरवाडीची मुलं यायची. मी सांगते त्या वर्षी दहावीच्या वर्गात सात होती. कोणी नातेवाइकाकडे राहायची, कोणी दोन डोंगर उतरून यायची. वर्गात गप्प. पुस्तकातलं गणित बागेतल्या कारंज्याचं होतं. कारंज्याचं पाणी किती उंच जाईल वगैरे. ताईंनी फळ्यावर मांडलं, तेव्हा वाडीतली बुधी नावाची मुलगी, जी महिन्यातून एकदा तोंड उघडायची, ती म्हणाली, "बाई, कारंजं म्हंजे काय?" वर्ग हसला. ताई हसल्या नाहीत. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "खरं सांगू? मीपण एकच पाहिलंय, आणि ते बंद होतं. तुम्ही काय फेकता?" बुधी म्हणाली, "गोफण." झालं. भात पिकायला आलं की ही मुलं शाळा बुडवून पाखरं राखायला शेतावर बसतात, हे ताईंना माहीत होतं. इतकी वर्षं त्या मुलांना परत आणायला वाडीत जायच्या. त्या वर्षी शिकायला गेल्या. मलाही घेऊन गेल्या, कारण गोफणीचा दोर मी विणून बघावा अशी त्यांची इच्छा होती.

बुधीच्या बापाने आम्हाला भाकरी दिली, येण्याचं कारण विचारलं आणि ते नीट ऐकून घेतलं. मग काळजीने म्हणाला, "बाय, शाळंत पाखरं लय झाली काय?" बुधीने त्याला समजावलं, की बाईंना गणितासाठी पाहिजे. तो आणखी काळजीत पडला. शेतात लाकडाचा उंच माळा बांधलेला होता. ताई पातळ खोचून वर चढल्या. गोफण म्हणजे मध्ये खोळ असलेली दोरी. खोळीत दगड ठेवायचा, दोन्ही टोकं हातात धरून गरगर फिरवायची आणि नेमक्या वेळी एक टोक सोडायचं. ताईंनी नेमक्या वेळेच्या जरा नंतर सोडलं. दगड मागे गेला आणि बुधीच्या आईच्या हंड्यावर वाजला. खालून आवाज आला, "बायला म्हणावं, पाखरं फुडं हायेत!" दुपारपर्यंत ताईंचे दगड पुढे जायला लागले होते. त्यांचा उजवा खांदा पुढचे आठ दिवस मी शेकला.

पण गंमत तिथून पुढे झाली. बुधी बांधाजवळ बसलेल्या एका थव्यावर दगड टाकत होती. सरळ, सपाट टाकण्याऐवजी ती दगड उंच आभाळात सोडत होती. तो वर जाऊन थव्याच्या पलीकडे पडायचा. ताईंनी विचारलं, सरळ का नाही टाकत, लवकर पोचेल की. बुधी म्हणाली, "सपाट टाकला तर पाखरं पल्याड उडतील. पल्याड शेजाऱ्याचं शेत हाय. आपली पाखरं शेजाऱ्याच्या शेतात घालायची नसत्यात." उंच टाकलेला दगड पाखरांच्या मागे पडला, की ती दचकून इकडे वळतात आणि आपल्या डोक्यावरून रानात जातात. वाडीची रीतच तशी. शेजारीही त्यांची पाखरं ह्यांच्यात घालत नाही. ताई माळ्यावर उभ्याच राहिल्या. "म्हणजे एकाच जागी दगड पोचवायच्या दोन वाटा! एक खालची, एक वरची. दोन्ही खऱ्या!" बुधीला त्यात विशेष काही वाटलं नाही. म्हणाली, "वाटा दोन असत्यातच. कंची धरायची ते शेजाऱ्याकडं बघून." ताईंनी मला माळ्यावरूनच ओरडून सांगितलं, "अगं, पोरं दरवर्षी विचारतात, वर्गसमीकरणाला उत्तरं दोन का असतात. मी दरवर्षी सूत्र दाखवते!"

त्यानंतर दहावीचा बीजगणिताचा तास मैदानात होऊ लागला. माझ्या शिवणाच्या वर्गाने उरलेल्या कापडाच्या पट्ट्यांच्या गोफणी केल्या आणि दगडाऐवजी मातीचे गोळे वापरायचे ठरले. तरी ऑफिसचं एक कौल गेलंच. वाडीची मुलं आता बोलू लागली. बोलू लागली म्हणजे शहराकडच्या मुलांना शिकवू लागली आणि हात कसा धरावा यावरून ओरडूही लागली. ताईंचा नियम एकच होता. समीकरणाची दोन उत्तरं आली, की एकही टाकायचं नाही. आधी विचारायचं, तू कुठून आलास. पुस्तकात असं नसतं. पुस्तकात लांबी किंवा वेळ ऋण आली, म्हणजे शून्याहून कमी आली, की ते उत्तर सोडून द्यायचं असतं आणि तसं एका वाक्यात लिहायचं असतं. ताईंना ते वाक्य लिहायला लावणं जमत नसे. भंगारवाल्याला डबा देणं जमत नसे, तसंच.

हे सगळं पूर्वपरीक्षेत अंगावर आलं. पेपर ताईंनी काढला नव्हता, तपासलाही नव्हता. प्रश्न असा होता, की पंधरा मीटर उंच कड्यावरून दगड सेकंदाला दहा मीटर वेगाने सरळ वर फेकला, तर तो किती सेकंदांनी पायथ्याच्या जमिनीवर पडेल. सोडवलं की उत्तरं दोन येतात, तीन आणि उणे एक. तीन घ्यायचे, उणे एक सोडायचं. शहराकडच्या मुलांनी पुस्तकाप्रमाणे ते सोडलं, पण वाडीच्या सातही मुलांनी उणे एक सोडलं नाही. मुख्याध्यापकांनी ताईंना बोलावलं. कौलाचा हिशेब मिटला नव्हता म्हणून मलाही. टेबलावर सात उत्तरपत्रिका होत्या.

"बाई, हे काय आहे? 'एक सेकंद आधी दगड खाली होता.' गणिताच्या पेपरात?"

"आहे की बरोबर," ताई म्हणाल्या. "आपण दगड कड्यावरून सुटला तिथून मोजतो. तसंच मागे मोजत गेलं, तर तो एक सेकंद आधी जमिनीवरून निघालेला असणार."

"सातही जणांनी एकाच जागी एकच चूक! ही सरळ कॉपी आहे."

ताईंना राग आला की त्यांना फक्त आकडे सुचतात. मी उत्तरपत्रिका ओढून घेतल्या. एकमेकींची नक्कल केलेले झंपर मी रोज पकडते. कापणीचा बेत सारखा असला तरी टाका लपत नाही. मी वाचायला लागले. बुधीने लिहिलं होतं, उणे एक म्हणजे दगड माझ्या हाती यायच्या आधीची वेळ, तेव्हा तो खाली होता. दुसऱ्याने लिहिलं होतं, खाली भाऊ उभा होता, त्याने दगड वर फेकला, मी झेलला नाही, तो माझ्यासमोरून तसाच वर गेला. तिसऱ्याने लिहिलं होतं, दगड आधी जमिनीवरच असतो, कड्यावर दगड उगवत नाहीत. "सर," मी म्हटलं, "बेत एकाच बाईंचा आहे, पण टाके सात जणांचे आहेत. ही कॉपी नाही."

सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिसऱ्याची ओळ परत वाचली आणि खोकल्यासारखं केलं. मग म्हणाले, "बरं, कॉपी नाही. पण मार्चमध्ये बोर्डाचा तपासनीस गोफण घेऊन बसणार नाही, बाई. त्याला ते वाक्य पाहिजे, 'काळ ऋण नसतो, म्हणून हे उत्तर त्याज्य.' आठ दिवसांनी परत परीक्षा घेतो. वाक्य आलं तर ही मुलं बोर्डाला बसतील. नाही आलं तर यंदा नाही, आणि तुम्ही जूनपासून पाचवीला." सात मुलांचं वर्ष होतं ते. आणि त्यांच्यातल्या मुलींना पुढच्या वर्षी कोणी परत पाठवलंच असतं, असं मला वाटत नव्हतं. एकदा शेतावर गेलेली मुलगी शेतावरच राहते.

घरी येऊन ताई फळीसमोर बसल्या. "मी त्यांना खोटं लिहायला शिकवू? जे आहे ते नाही म्हणायला?" मी म्हटलं, "खोटं कसलं? आम्ही कापड बेतताना शिवणीच्या आत माया सोडतो. थोडं जास्तीचं कापड. बाहेरून दिसत नाही, पण कापून कोणी टाकत नाही. मूल वाढलं की तेच उसवून उपयोगी पडतं. तुमचं उणे एक ठेवा की आत." ताई म्हणाल्या, "कापडाचं वेगळं." पण जेवल्या.

दुसऱ्या दिवशी त्या वर्गात गेल्या आणि मुलांना सगळं खरं खरं सांगितलं. मी मुद्दाम दारात उभी होते. त्या म्हणाल्या, "वाक्य मी फळ्यावर लिहिते. पण ते मला पटत नाही. तुम्ही ठरवा." मग बुधी उठली.

"बाई, पेपर तपासणारं शेजारीच झालं ना?"

"म्हणजे?"

"मंग आपली पाखरं त्यांच्या शेतात कशाला घालायची? त्यांचं वाक्य त्यांना लिहू. दगड कुटं होता ते आपल्याला ठाव हाय."

मागच्या बाकावरून कड्यावर दगड उगवत नाहीत म्हणणारा पोरगा बोलला, "वरल्या वाटंनं टाकायचा, बाई." सगळा वर्ग हसला आणि ह्या वेळी ताई सगळ्यांत जास्त हसल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला, खडू घेतला आणि ते वाक्य फळ्यावर अशा सुंदर अक्षरात लिहिलं, जसं पाहुण्यांसाठी पाट मांडतात. मात्र एक अट घातली. लिहिताना त्याज्य लिहायचं, पण वर्गात तोंडाने सांगायचं, की दगड कुठून आला. त्यामुळे पुढचे तीन महिने दहावीच्या खोलीतून आधी खडूचा आवाज यायचा आणि मग चाळीस पोरांचा, "एक सेकंद आधी खाली होता!" शेजारच्या वर्गात भूगोल चालायचा. तिथल्या सरांनी शेवटी कानात कापूस घातला.

सातही जण बोर्डाला बसले आणि गणितात सातही जण पास झाले. दोघं इंग्रजीत गेले, ते ऑक्टोबरला सुटले. बुधी पुढे बारवीकडच्याच एका अंगणवाडीत लागली. ताईंकडे दहावी राहिली, निवृत्त होईपर्यंत. तोवर शाळेमागची खरवईकडची शेतं जाऊन तिथे इमारती उभ्या राहायला लागल्या होत्या. ताई मैदानातून त्यांच्या गच्चीच्या कठड्याकडे बघून म्हणायच्या, "इथून वरच्या वाटेने टाकला तर कुठे पडेल गं?" मी म्हणायचे, "कोणाच्या तरी गॅलरीत. आत चला." निवृत्तीनंतर त्यांना विसरायलाही व्हायला लागलं. स्वयंपाकघरात यायच्या आणि कशाला आले म्हणून उभ्या राहायच्या. मी पोळी लाटता लाटता विचारायचे, "ताई, एक सेकंद आधी कुठे होता?" मग त्या तशाच मागे मागे चालत फळीपाशी जायच्या आणि तिथून ओरडायच्या, "चष्मा! चष्मा हवा होता!"

त्या गेल्या ते आजार वगैरे फार न होता, एका सकाळी. पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर भरलं होतं. बुधी वाडीतून आली होती, कडेवर लेक घेऊन. मी चहाचं बघत होते. ती चुलीपाशी येऊन बसली. काय बोलावं म्हणून मी म्हटलं, "आता ताई नाहीत गं, बुधे." तिने लेकीच्या हातात बिस्कीट दिलं आणि अगदी साधेपणाने, वर्गात सांगावं तसं म्हणाली, "उणे एकला हायेत की, बाई." मी दुधाकडे बघितलं. ते उतू जायला आलं होतं, ते बघणं भाग होतं.

पुढच्या आठवड्यात मी भंगारवाल्याला हाक मारली. मी व्यवहारी बाई आहे आणि दोन खोल्यांत डब्यांना जागा नाही. तो दारात तराजू मांडून बसला. मी पहिला डबा घेतला, छत्रीच्या काड्यांचा. ही काळी काडी सासऱ्यांच्या छत्रीची. ही बारीक, ती माझ्या लग्नात मोडलेल्या छत्रीची. दुसऱ्या डब्यात पाइपचा हातभर तुकडा होता, कॅम्प पाचच्या शेठने ताईंना फुकट दिलेला. तिसऱ्यात माझ्याच पट्ट्यांची गोफण. मी एकेक उचलत होते, बघत होते आणि परत ठेवत होते. तराजूत अजून काही पडलं नव्हतं. शेवटी तो कंटाळून म्हणाला, "बाई, देना है कि नहीं देना है?"

"थांब रे," मी म्हटलं. "एक सेकंद."